नक्कल न होणाऱ्या नोटेची कुळकथा

नाशिकरोडला कुणी ‘प्रेसला आहे’ म्हणालं, तर तो माणूस पत्रकार आहे असा अर्थ तिथे कुणी लावत नाही; तिथली प्रेस म्हणजे सरकारी छापखाना. भारताच्या नोटा पूर्वी इंग्लंडात छापून बोटीने येत. 1928 साली त्या नाशिकला छापल्या जाऊ लागल्या, आणि तेव्हापासून इथल्या कारागिरीचा निम्मा जीव एकाच चिंतेत गुंतलेला आहे: आपण छापलं ते दुसऱ्या कुणाला छापता येऊ नये. आजची पाचशेची नोट तिरपी करून पाहावी. धाग्याचा हिरवा रंग निळा होतो, नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात आणि दोन्ही कडांना पाच-पाच उठावदार रेघा बोटाला लागतात.

पण ही सारी हुशारी कागद, शाई आणि यंत्र यांवर पहारा आहे तोवरची. अब्दुल करीम तेलगीने दाखवून दिलं ते हेच. त्याचा माल खोट्या नोटांचा नव्हता, खोट्या मुद्रांकांचा होता. नाशिकच्याच प्रेसमधून लिलावात निघालेली जुनी यंत्रं त्याने मिळवली आणि त्यांवर छपाई केली. यंत्र अस्सल असलं की खोट्याला खोटं म्हणायचं कशावरून? पुढे त्याला तीस वर्षांची सक्तमजुरी झाली, पण तो प्रश्न शिक्षेने सुटणारा नव्हता.

त्याचं उत्तर मात्र तोवर लिहून झालेलं होतं. 1960च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीफन वीझनर नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने कल्पना मांडली ती अशी: नोटेवर नेहमीसारखा नंबर असावा, आणि शिवाय वीस बारीक कप्पे. प्रत्येक कप्प्यात प्रकाशाचा एकच कण, म्हणजे फोटॉन, कोंडलेला. त्या कणाचं कंपन चारपैकी एका दिशेचं: उभं, आडवं किंवा दोन तिरप्यांपैकी एक. कुठल्या कप्प्यात कोणती दिशा, हे फक्त बँकेच्या वहीत, नंबरापुढे टिपलेलं.

आता नक्कल करणाऱ्याची पंचाईत बघा. दिशा कळायला कण मोजावा लागतो. मोजणीची गाळणी उभ्या-आडव्यासाठी लावावी की तिरप्यासाठी, हे त्याला ठाऊक नाही. चुकीची लावली तर उत्तर निव्वळ नशिबाचं येतं, आणि मूळ दिशाही पुसली जाते. अंदाजाने केलेला एक कण बँकेच्या तपासणीतून सुटण्याची शक्यता चारात तीन. ऐकायला बरी वाटते. पण वीसच्या वीस सुटण्याची शक्यता तीनशेत जेमतेम एक. कप्पे शंभर केले, तर तीन लाख कोटींत एक. नोट बनवणारं अख्खं यंत्र भंगारात विकून टाकलं तरी फरक पडत नाही. राखायची ती वही.

वीझनरचा लेख नियतकालिकाने परत पाठवला. तो छापून आला थेट 1983 साली, म्हणजे दहा-बारा वर्षं उलटून गेल्यावर. अज्ञात अवस्थेतल्या कणाची तंतोतंत नक्कल करताच येत नाही, हा सिद्धान्त वूटर्स-झुरेक आणि डीक्स यांनी मांडला तोही 1982 साली. मधल्या काळात ही कल्पना जिवंत ठेवली ती चार्ल्स बेनेट या मित्राने. 1979 साली पोर्तो रिकोतल्या एका परिषदेच्या वेळी समुद्रात पोहत असताना बेनेट एका अनोळखी माणसाजवळ गेले आणि नक्कल न होणाऱ्या नोटांबद्दल बोलू लागले. तो माणूस, जिल्स ब्रासार, संकेतलिपीचा अभ्यासक होता. पाण्यातून पळून जायची सोय नव्हती, हे विज्ञानाच्या पथ्यावर पडलं म्हणायचं!

1982 साली वीझनर आणि ब्राइडबार्ट यांच्यासह दोघांनी निबंध लिहिला. त्यात वहीचाही भार कमी झाला: प्रत्येक नोटेची नोंद साठवण्याऐवजी नंबरावरूनच, बँकेच्या एका गुप्त सूत्राने, दिशा काढायच्या. कोट्यवधी नोटांची यादी सांभाळण्याऐवजी एक सूत्र सांभाळलं की भागतं. संगणकप्रणाली बांधणाऱ्यांना ही युक्ती आवडावी अशीच आहे.

खरी अडचण होती ती कण कोंडून ठेवण्याची. फोटॉन खिशात बसत नाही, तो पळतो. मग बेनेट-ब्रासारांनी त्याला पळूच दिलं: कण साठवायचे नाहीत, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायचे आणि त्यांतून दोघांपुरती गुप्त किल्ली तयार करायची. मधे कुणी डोकावलं की दिशा बिघडतात आणि चोरी उघडी पडते. याला छापायला जागा मिळत नव्हती. कॅनडातले प्राध्यापक विजय भार्गव यांनी ब्रासारांना आवडीच्या कुठल्याही विषयावर बोलायला बंगळुरूच्या परिषदेचं आमंत्रण दिलं, आणि डिसेंबर 1984 मध्ये हा पाच पानी निबंध तिथे सादर झाला. बीबी-84 हे त्याचं आजचं नाव. नोटेचं हे लेकरू भारतात बारसं होऊन जगात गेलं.

1989 साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत पहिला प्रयोग झाला, कण धावले सुमारे 30 सेंटिमीटर. उपकरणांचा आवाज मात्र कणाच्या दिशेप्रमाणे बदलत असे, म्हणून चोर बहिरा असेल तरच ही किल्ली सुरक्षित, अशी ब्रासारांनीच थट्टा केली आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल अशी शंभर किलोमीटरहून लांब केबलवरून किल्ली पाठवून दाखवली.

नोट मात्र अजून कागदावरच आहे. वीझनरच्या रचनेत ती खरी की खोटी हे फक्त बँक सांगू शकते, म्हणजे पंचवटीतल्या भाजीवालीला दर गिऱ्हाइकामागे बँकेला विचारावं लागणार. कुणालाही तपासता येईल, पण कुणालाही बनवता येणार नाही, अशा नोटेची एक रचना स्कॉट अ‍ॅरनसन यांनी 2009 साली सुचवली. ती लवकरच फोडली गेली, आणि फोडणाऱ्यांच्या यादीत खुद्द अ‍ॅरनसन होते. त्याच यादीतल्या पीटर शोर यांनी सहकाऱ्यांबरोबर दुसरी नोट मांडली, दोरीच्या गाठींच्या गणितावर उभी केलेली.