पेरोव्हस्काइटमधून ‘फिरता’ प्रकाश कसा मिळवतात?

रायगडच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर ‘स्क्विला’ही येतो. त्याच्याच गटातल्या, मोरपंखी रंगांच्या एका मँटिस श्रिम्पला वर्तुळ-ध्रुवित प्रकाश ओळखता येतो, हे २००८ मध्ये दिसून आले. आपल्या डोळ्यांना असा प्रकाश वेगळा कळत नाही. पण मोबाइलच्या स्क्रीनसाठी तो फार कामाचा आहे.

वर्तुळ-ध्रुवित म्हणजे काय?
प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. साध्या प्रकाशात विद्युत क्षेत्राची दिशा कशीही बदलते. पोलरॉइड गॉगलमधून आल्यावर ती एका रेषेत राहते. वर्तुळ-ध्रुवित प्रकाशात ती स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत पुढे जाते, डावीकडून किंवा उजवीकडून.

उपयोग काय?
उन्हाची चमक रोखण्यासाठी ओएलईडी स्क्रीनवर वर्तुळ-ध्रुवक थर असतो. तो स्क्रीनचा स्वतःचा जवळपास निम्मा प्रकाशही अडवतो. पिक्सेलमधूनच योग्य दिशेने फिरणारा प्रकाश निघाला, तर हा तोटा टळेल आणि बॅटरी वाचेल.

पेरोव्हस्काइट कशासाठी?
१८३९ मध्ये गुस्ताव रोझ यांनी उरल पर्वतातल्या एका खनिजाला लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव दिले. तशाच स्फटिकरचनेचे, बहुधा शिसे आणि हॅलोजन असलेले पदार्थ आज प्रयोगशाळेत बनवतात. ते द्रावणातून तयार होतात आणि शुद्ध, तेजस्वी रंग देतात. मात्र त्यांचा प्रकाश एरवी डावा-उजवा निम्मा-निम्मा असतो.

तो फिरवायचा कसा?
- रेणूंनी: स्फटिकात डावे-उजवे रूप असलेले सेंद्रिय रेणू घालतात. पण प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे रेणू फारच लहान, म्हणून परिणाम कमी.
- नॅनोरचनांनी: पदार्थाच्या थरावर ठसा उमटवून काहीशे नॅनोमीटरचे तिरके किंवा पिळदार आकार घडवतात. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही, तसेच हे आकार. एका दिशेने फिरणारा प्रकाश त्यांच्यात घुमून जोरात बाहेर पडतो, दुसरा दबतो.

हा फरक ‘जी’ या अंकाने मोजतात. शून्य म्हणजे दोन्ही समान. उणे किंवा अधिक २ म्हणजे सगळा प्रकाश एकाच दिशेचा. नुसत्या रेणूंनी तो बहुधा ०.०१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो. नॅनोरचनांनी तो कितीतरी पट वाढवता येतो.

अडचण कुठे?
ओलाव्यात पेरोव्हस्काइट विघटते. अलिबाग-मुरूडच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर पक्के आवरण नसलेला थर टिकणार नाही. शिवाय त्यातले शिसे पाण्यात उतरू शकते. म्हणून भक्कम आवरण आणि शिसेविरहित पर्याय, या दोन्हींवर संशोधन सुरू आहे.