एकवीस वर्षांचा पहारा

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सकाळी सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात वरून खालच्या कारंज्यावर पडले. दसरा होऊन तीनच दिवस झाले होते. दोन दिवसांनी ते वारले, तेव्हा वय अवघे एकवीस. ग्रँट डफने ही आत्महत्या ठरवली; रियासतकार सरदेसायांनी ज्वरातल्या भ्रमाचा पक्ष घेतला. हा वाद अजून मिटलेला नाही. मला मात्र त्या सकाळीआधीची एकवीस वर्षे अधिक बोलकी वाटतात.

हे मूल भयाच्या छायेतच जन्मले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा वाड्यातच खून झाला. गरोदर गंगाबाईंना कारभाऱ्यांनी पुरंदरावर नेले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी माधवराव जन्मले आणि चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. १७७७ मध्ये आईही गेली. राघोबादादा इंग्रजांची कुमक घेऊन उभे असताना नाना फडणिसांनी या पोराला डोळ्यांत तेल घालून जपले, यात चूक काही नव्हती.

पण १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, पुढच्या वर्षी राघोबा वारले, तरी पहारा सैल झाला नाही. राघोबांचे पुत्र बाजीराव शिवनेरीवर कैदेत होते. नात्याने काका, वयाने बरोबरीचे. वीस वर्षांच्या पेशव्याने त्यांच्याशी चोरून पत्रव्यवहार केला. ते कळताच नानांनी मध्यस्थाला बेड्या घालून किल्ल्यावर धाडले आणि पेशव्याला बोल लावले. दौलतीच्या धन्याला पत्रसुद्धा लपून लिहावे लागत होते!

शेजारी थोरल्या माधवरावांचे उदाहरण ठेवून पाहावे. सोळाव्या वर्षी गादी मिळाली, आळेगावला काकांपुढे नमावे लागले, आणि अठराव्या वर्षी राक्षसभुवन जिंकले. पडण्याची आणि सावरण्याची मुभा त्यांना मिळाली होती. पुतण्याला ती कोणी दिलीच नाही. त्याला खर्ड्याच्या मोहिमेवर नेले, पण सूत्रे नानांच्याच हाती राहिली.

डफचे खरे माना वा सरदेसायांचे, शत्रूसाठी बसवलेला पहारा आतून खचणाऱ्या शरीरामनाच्या कामी आला नाही. नानांची माया खोटी नव्हती. तिला थांबायचे कुठे, हे मात्र उमगले नाही. माधवराव निपुत्रिक गेले. ज्या राघोबांच्या घरापासून त्यांना जन्मभर जपले, त्याच घरातले बाजीराव १७९६ अखेर पेशवे झाले.