फाट्यावरचा निर्णय प्रयोगशाळेत कसा आला?

जामखेडहून मांजरसुंब्याकडे जाणारा रस्ता बीड जिल्ह्यातील पाटोद्यावरून जातो. या तालुक्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेरगावी जातात. त्यामुळे फाट्यावर मुख्य रस्ता ओलांडणारा ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन ट्रॉल्या आपल्या परिचयाच्या आहेत. ही जोडगाडी १५ मीटर लांब व रस्ता १० मीटर रुंद आहे असे समजू. थांबलेल्या स्थितीतून दर सेकंदास सेकंदाला अर्धा मीटर या त्वरणाने निघाल्यास २५ मीटर जायला १० सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ७२ किलोमीटर वेगाची मोटार २०० मीटर पुढे आलेली असते! 'गाडी अजून लांब आहे' हा अंदाज चुकला, तर किंमत जिवाने मोजावी लागते.

चौकातील अशा निर्णयाचे गणित १९६० साली गाझिस, हर्मन व मॅराडुडिन यांनी मांडले. यांतील रॉबर्ट हर्मन म्हणजे १९४८ मध्ये राल्फ आल्फर यांच्यासह विश्वातील अवशिष्ट प्रारणाचे भाकीत करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्यापुढचा प्रश्न पिवळ्या दिव्याचा होता. वरच्याच मोटारीचे उदाहरण घेऊ. चालक सावध होण्यास १ सेकंद, म्हणजे २० मीटर. मग दर सेकंदास सेकंदाला ४ मीटर या मंदनाने थांबण्यास ५० मीटर. एकूण ७० मीटर. पिवळा दिवा ३ सेकंद असेल, तर मोटार ६० मीटर जाईल. त्यातून चौकाची रुंदी व मोटारीची लांबी मिळून २० मीटर वजा केल्यास ४० मीटर उरतात. म्हणजे दिवा पिवळा होताना चौकापासून ४० ते ७० मीटरवर असलेल्या चालकाला थांबताही येत नाही आणि वेळेत पार होताही येत नाही. दोष माणसाचा नसून दिव्याच्या वेळेचाही असू शकतो, हे यातून कळले.

पण 'सावध होण्यास १ सेकंद' हे आपण गृहीत धरले. खरी माणसे वेगवेगळी वागतात. ते मोजायचे, तर कोणाला अपघाताच्या तोंडी द्यायचे? उत्तर विमानविद्येत होते. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भाते वापरून जमिनीवरच डोलणारे शिकाऊ विमान बनवले. १९५० च्या दशकात अमेरिकी शाळांत मोटारीचे असे सिम्युलेटर आले. मात्र त्यात चित्रपट दाखवत. चाक फिरवले तरी चित्र बदलत नसे. संगणकाने ही उणीव भरून काढली. १९८५ मध्ये डेम्लर-बेंझने बर्लिनमध्ये अख्खी मोटार मावणारा हलता घुमट उभारला.

आपल्याकडे आय.आय.टी. मुंबईतील पुष्पा चौधरी व नागेंद्र वेलगा यांनी सिम्युलेटरवर चालकांची परीक्षा घेतली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, अचानक पादचारी आडवा आल्यावर प्रतिसादाचा वेळ मोबाईलवरील साध्या संभाषणाने ४० टक्के, तर गुंतागुंतीचा संदेश टंकताना २०४ टक्के वाढला. १ सेकंदाचे ३ सेकंद झाले, तर आपल्या मोटारीला थांबण्यास ७० ऐवजी ११० मीटर लागतील.

सिम्युलेटरला मर्यादाही आहेत. पडद्यावर मरणाची भीती नसते. डोळ्यांना गती दिसते, पण अंतर्कर्णाला ती जाणवत नाही, म्हणून काहींना मळमळते. शिवाय उसाची ट्रॉली, बैलगाडी व दुचाकी एकत्र असलेला आपला फाटा संगणकात उतरवणे सोपे नाही.

वर्गात मात्र सुरुवात एका पट्टीने करता येईल. एकाने सोडलेली पट्टी दुसऱ्याने पकडावी. पडलेल्या अंतरावरून प्रतिसादाचा वेळ काढावा. मग पाढे म्हणत तेच पुन्हा करावे. दोन उत्तरांतील फरकाला २० मीटर प्रति सेकंदाने गुणले, की फाट्यावर त्याचा अर्थ काय होतो हे मुले स्वतःच सांगतील.