सागरी परिसंस्थेचा जमाखर्च आणि संशोधकांचे प्रशिक्षण

सागरी परिसंस्थेचे गणिती प्रारूप म्हणजे समुद्रात कोण कोणाला किती खातो, याचा जमाखर्च. अशा प्रारूपांसाठी जगभर प्रचलित असलेली ‘इकोपाथ’ पद्धती जेफ्री पोलोविना यांनी १९८४ मध्ये हवाई बेटांतील प्रवाळक्षेत्रासाठी मांडली. व्हिली क्रिस्टेन्सन, डॅनियल पॉली व कार्ल वॉल्टर्स यांनी तिचा पुढे विस्तार केला.

प्रत्येक जीवगटाचा जैवभार, उत्पादन, आहार आणि मासेमारीतील पकड भरली की संगणक ताळा मांडतो. तारलीच्या उत्पादनापेक्षा अधिक तारली इसवण आणि जाळी मिळून फस्त करीत असतील, तर गुणोत्तर १ च्या वर जाते. म्हणजे एखादा आकडा चुकला. नवखा संशोधक मग ताळा जुळेपर्यंत आहाराचे आकडे फिरवत राहतो. कोणता आकडा का बदलला हे नोंदवण्याची सवय लावणे, हेच प्रशिक्षणाचे खरे काम. आज्ञावली चालवणे त्यामानाने सोपे.

या अभ्यासाला किनारा लागतोच असे नाही. सागरी प्रशिक्षणाचे केंद्र चालवणारी ‘इन्कॉइस’ ही संस्था हैदराबादेत आहे. किनाऱ्यापासून दूरचे इंदूरही समुद्राच्या हिशेबाबाहेर नाही. ते अरबी समुद्राला मिळणाऱ्या नर्मदेचे पाणी पिते. सांडपाण्याची वाट मात्र कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा अशी बंगालच्या उपसागराकडे जाते. प्रारूपाची हद्द आखताना नदीतून येणारी पोषकद्रव्येही म्हणूनच विचारात घ्यावी लागतात.

हद्दीइतकाच ऋतूही महत्त्वाचा. कांदोळीसमोरील समुद्रात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून नियमित निरीक्षणे घेत आहे. तेथे पावसाळ्याच्या अखेरीस तळालगतचा प्राणवायू जवळजवळ संपतो. वार्षिक सरासरीवर बेतलेल्या प्रारूपात हे आठवडे दिसतच नाहीत.