जाळे, बंदूक आणि कुत्रा : पक्ष्यांच्या शिकारीतील दोन घराण्यांचा इतिहास

शिकारी कुत्र्यांविषयीची जुनी इंग्रजी पुस्तके वाचताना एक वाद पुन्हा पुन्हा भेटतो. शेतातल्या आणि माळावरच्या पक्ष्यांसाठी कुत्रा कोणता चांगला : पक्षी उठवणारा की पक्षी दाखवणारा? स्प्रिंगर आणि कॉकर स्पॅनियल पहिल्या घराण्यातले. ते झुडपात घुसून पक्ष्याला उडायला भाग पाडतात. पॉइंटर आणि सेटर दुसऱ्या घराण्यातले. वास लागताच ते जागच्या जागी थबकतात आणि शिकारी जवळ येईपर्यंत हलत नाहीत.

मी पेशाने इतिहासकार नाही. वाणिज्य शाखेची पदवी, हिशेबाची नोकरी आणि रात्रीचे वाचन एवढेच माझे भांडवल. शिकार तर मी कधीच केलेली नाही. पण या वादाचा माग काढताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली. यात कुत्र्याच्या रक्ताचा प्रश्न कमी आहे आणि माणसाच्या हातात कोणते साधन होते, पायाखाली कोणती जमीन होती, हा प्रश्न जास्त आहे. आणि त्याच्याही तळाशी आणखी एक प्रश्न आहे : शिकारीचा हक्क कोणाचा?

सुरुवात बंदुकीच्या कितीतरी आधी होते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वा प्रांताचा सरदार गास्ताँ फेब्यूस याने 1387 ते 1389 या काळात शिकारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा येतो. ही जात स्पेनमधून आली असे तो सांगतो. ‘स्पॅनियल’ हे नावही त्याच समजुतीतून आलेले आहे. फेब्यूसच्या मते हा कुत्रा ससाण्यासोबत उत्तम काम करतो. त्याला दबून बसायला शिकवले, तर तितर आणि लावे जाळ्यात धरण्यासाठीही तो उपयोगी पडतो.

या नोंदीत पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. ससाण्याला पक्षी हवेत हवा असतो, म्हणून कुत्र्याने तो उठवला पाहिजे. जाळेवाल्याला पक्षी जमिनीवर दबलेला हवा असतो, म्हणून कुत्र्याने थांबले पाहिजे. एकाच कुत्र्याला दोन वेगळे धडे दिले जात होते. दोन घराणी अजून वेगळी झालेली नव्हती.

1570 मध्ये केंब्रिजचे वैद्य जॉन कीझ यांनी ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर एक छोटे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. 1576 मध्ये अब्राहम फ्लेमिंग यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्यात ‘सेटर’ स्वतंत्रपणे भेटतो. पक्ष्याचा सुगावा लागताच तो आवाज न करता पोटावर सरपटत पुढे जातो आणि पक्ष्याजवळ पोहोचला की आडवा होतो. मग पारधी जाळे पसरतो. इशारा मिळाला की कुत्रा उठून पुढे सरकतो आणि घाबरलेले पक्षी जाळ्यात अडकतात. म्हणजे आज केवळ ‘दाखवणारा’ म्हणून ओळखला जाणारा सेटर त्या काळी आधी दाखवत असे आणि शेवटी उठवतही असे.

मग बंदूक आली. तोड्याच्या बंदुकीने उडता पक्षी टिपणे जवळजवळ अशक्य होते. चकमकीची हलकी बंदूक आल्यावर, 17 व्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडमध्ये उडत्या पक्ष्यावर नेम धरण्याची पद्धत रुळू लागली. आता पक्षी उडायला हवा होता. पण शिकारी जवळ पोहोचून सज्ज झाल्यावरच. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. तेवढा वेळ उरलेले पक्षी दबून राहावेत यासाठी थांबणारा कुत्रा सोयीचा होता. 18 व्या शतकात स्पॅनिश पॉइंटर इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेचा झाला. चित्रकार जॉर्ज स्टब्ज यांनी रंगवलेला त्या जातीचा जड अंगाचा, गंभीर चेहऱ्याचा कुत्रा आजही पाहायला मिळतो.

इथे कायदा मध्ये येतो. इंग्लंडच्या संसदेने 1671 मध्ये शिकारीचा कायदा केला. वर्षाला किमान 100 पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन नसलेल्या माणसाला, काही मोजके अपवाद वगळता, शिकार करण्याचा हक्क उरला नाही. त्या काळी परगण्यात मत देण्यासाठी 40 शिलिंग उत्पन्नाची जमीन पुरत असे. 20 शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे 100 पौंडांचे 2000 शिलिंग झाले. हिशेब साधा आहे : खासदार निवडायला लागत होती त्याच्या पन्नासपट मिळकत एक तितर मारायला लागत होती.

या कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या वस्तूंत बंदुका आणि जाळ्यांबरोबर ‘सेटिंग डॉग’, म्हणजे पक्षी दाखवणारे कुत्रेही होते. जमीनदाराच्या रखवालदाराला वॉरंट घेऊन हक्क नसलेल्याच्या घराची झडती घेता येई आणि असा कुत्रा जप्त करता येई. पक्षी त्या गरिबाच्याच शेतातले दाणे खात असला, तरी त्याला हात लावायचा नाही. जमिनीच्या मिळकतीची ही अट 1831 च्या कायद्याने उठली, म्हणजे ती 160 वर्षे टिकली. पॉइंटर-सेटरला आजही चिकटलेला खानदानी रुबाब कुठून आला, हे शोधताना ही 160 वर्षे विसरून चालत नाही.

आता जमिनीकडे पाहू. छऱ्याच्या बंदुकीचा खात्रीचा पल्ला साधारण 35 ते 40 मीटर असतो. उठवणाऱ्या कुत्र्याला त्याच्या आतच राहून डावीउजवीकडे नागमोडी धावत काम करावे लागते. तो लांब गेला, तर पक्षी पल्ल्याबाहेर उडून जातो. दाखवणारा कुत्रा मात्र शेकडो मीटर पुढे गेला तरी चालतो, कारण तो वाट पाहतो. म्हणून स्कॉटलंडच्या उघड्या माळावर, जिथे ग्राउज पक्षी हेदरच्या खुरट्या झुडपांत दबून बसतो, तिथे पॉइंटर-सेटरचे राज्य होते. काटेरी कुंपणे आणि दाट झाडी असेल तिथे स्पॅनियल सरस ठरे. तिथे थांबलेला कुत्रा दिसणारच नाही, आणि पळून जाणाऱ्या फेझंटपुढे नुसते थांबून भागतही नाही. ‘कॉकर’ हे नाव दाट रानातल्या वुडकॉक पक्ष्यावरून पडले. पक्ष्याला ‘स्प्रिंग’ करणारा, म्हणजे उसळी मारायला लावणारा, तो स्प्रिंगर.

19 व्या शतकात शेती बदलली. विळ्याने कापणी होत असे तेव्हा शेतात उंच धसकटे राहत आणि त्यांत तितर लपून बसत. यंत्राने जमिनीलगत कापणी होऊ लागल्यावर तो आडोसा गेला. तितर कुत्र्यापुढे दबून न राहता दुरूनच पळू लागले. त्यातच मागून काडतूस भरायची बंदूक आली आणि माणसांकरवी हाका घालून पक्षी बंदुकांवर आणण्याची पद्धत वाढली. सखल प्रदेशातले पॉइंटरचे काम कमी होत गेले.

गंमत अशी, की नेमक्या याच काळात जाती कागदावर पक्क्या होत होत्या. 1859 मध्ये न्यूकॅसलला भरलेले कुत्र्यांचे प्रदर्शन फक्त पॉइंटर आणि सेटर यांचे होते. 1865 मध्ये बेडफर्डशरमधील साउथहिल येथे त्यांच्या शेतातल्या कामाची स्पर्धा झाली. 1873 मध्ये केनेल क्लब स्थापन झाला. त्याआधी स्पॅनियलच्या एकाच वेतातले हलके पिल्लू कॉकर आणि जड पिल्लू स्प्रिंगर म्हणून ओळखले जाऊ शकत असे. नंतर वंशावळीच्या वह्यांनी त्या दोन बंद जाती केल्या.

युरोपच्या मुख्य भूमीवर चित्र वेगळे झाले. जर्मन प्रदेशांत 1848 च्या क्रांतीनंतर सरदारांचे शिकारीचे विशेष हक्क मोडले. नव्याने शिकार करू लागलेल्या साध्या माणसाला कामागणिक वेगळा कुत्रा पाळणे परवडणारे नव्हते. दाखवणारा, उठवणारा आणि पडलेला पक्षी आणून देणाराही, असा एकच कुत्रा त्याला हवा होता. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर याच गरजेतून घडत गेला. फ्रान्समधला ब्रिटनी तर नावाने स्पॅनियल आणि कामाने दाखवणारा. अमेरिकेत 1982 साली त्याच्या नावातून ‘स्पॅनियल’ शब्दच काढून टाकण्यात आला. घराण्यांमधली भिंत किती पातळ आहे, हे या एका कुत्र्यावरून कळते.

हे वाचताना मला आपल्याकडचे फासेपारधी आठवत राहिले. पाळलेल्या तितराच्या हाकेवर रानातले तितर बोलावून फाशात धरण्याची विद्या त्यांची. इंग्रज अधिकारी स्पॅनियल आणि पॉइंटर घेऊन हिंदुस्थानात शिकारीला निघत तेव्हा ती ‘क्रीडा’ असे. 1871 मध्ये त्याच राजवटीने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा कागदावरून गेला तो 1952 साली; शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. 1671 च्या आणि 1871 च्या कायद्यांची कारणे वेगळी होती. पण दोन्हींत कृतीपेक्षा करणारा कोण आहे, हे आधी पाहिले गेले.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय शिकारीचा राहिलेला नाही, आणि ते योग्यच आहे. पण कॉकर आजही पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आहे. बागेत सोडल्यावर तो नाक जमिनीला लावून मालकाच्या पुढे नागमोडी धावतो आणि फार लांब जात नाही. बंदुकीचा पल्ला त्याच्या अंगात मुरला आहे; बंदूक मात्र त्याने कधी पाहिलेली नाही.