नेरळ स्थानक आणि माथेरानची छोटी रेल्वे

वाचकहो, मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमधून आपण नेरळ स्थानक पाहिले असेल. येथून जेमतेम दोन फूट रुंदीचा लोहमार्ग माथेरानच्या डोंगराकडे जातो. मुलांच्या सहलीची गंमत एवढेच त्याचे महत्त्व मानणे योग्य नव्हे. एखादे लोकोपयोगी काम उभारणे आणि ते टिकवणे यांत किती अंतर असते, हे हा मार्ग शिकवतो.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचले. डोंगरातील ठाकर, कातकरी व धनगर यांना ते पठार आधीपासून ठाऊक होतेच. थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची वसाहत मात्र पुढे झाली. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याणहून खोपोलीपर्यंत रूळ टाकले आणि मुंबईकराचा नेरळपर्यंतचा प्रवास सोपा झाला. पण पुढचा चढ पायी, घोड्यावर किंवा पालखीतूनच चढावा लागे. अशी आणखी पन्नास वर्षे गेली.

हा चढ रेल्वेने जिंकण्याचा ध्यास घेतला अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय हे बोहरा समाजातील नामांकित उद्योगपती. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ होते. या कामासाठी त्यांनी सुमारे १६ लाख रुपये पुरविले. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली.

हे काम सोपे नव्हते. मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर, तर माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर चढावे लागते. म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत जुम्मापट्टी, वॉटर पाईप व अमन लॉज या स्थानकांवरून वर नेले. जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांची टोकाची चाके वळणावर बाजूला सरकू शकत. त्यामुळेच ती इतकी तीव्र वळणे घेत. १९८० च्या दशकात त्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली.

खरी परीक्षा पुढेच होती. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला. २००७ साली तो पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे सेवा थांबली आणि टप्प्याटप्प्याने २०१८ पर्यंत पूर्ववत झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा हानी केली. नेरळहून गाडी सुटण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडले. माथेरान गावात मोटारींना बंदी आहे. म्हणून गाडी थांबली की नुकसान केवळ पर्यटकांचे होत नाही. तेथील रहिवासी, दुकानदार आणि हमाल या सर्वांनाच त्याची झळ बसते.

वाचकहो, पीरभॉय पितापुत्रांनी हा मार्ग तीन वर्षांत उभारला; परंतु प्रत्येक पावसाळ्यानंतर दरडी हटवून, रूळ सरळ करून तो नव्याने चालता करणारे गँगमन कोणत्याही शिलालेखावर नसतात. संस्था असो वा रेल्वे, पायाभरणीचा एक दिवस असतो, देखभालीला मात्र सुट्टी नसते. उभारणाऱ्यांचे ऋण मान्य करताना सांभाळणाऱ्यांचेही ऋण आपण मानले पाहिजे.