भ्रमिष्ट, फौजदार आणि कायदा

पटवर्धनांची तासगावची जहागीर १८४८ मध्ये खालसा होऊन तेथे इंग्रजी अंमल आला, आणि ज्या भ्रमिष्टास आजवर घर नि गाव आपापल्या परीने सांभाळीत होते, तो वेड्यांविषयीच्या १८५८ च्या कायद्याने सरकारी अंमलाचा विषय बनला. १९१२ च्या कायद्याने तर ठाण्याच्या फौजदारास असा अधिकारच दिला की, वेडाच्या भरात जो इसम धोकादायक वाटेल त्यास पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. तेथे डॉक्टरचा दाखला जोडला गेला की वेड्यांच्या इस्पितळाचे दार उघडे, परंतु बाहेर पडण्याची वाट त्या दुर्दैवी जिवाच्या स्वाधीन क्वचितच असे. गावाची सुरक्षितता मोलाची खरीच. तथापि नुसती शंका आणि प्रत्यक्ष धोका यांतील अंतर एका दाखल्यावर सोपविणे मला घोर अन्यायाचे वाटते. तासगाव १९४९ मध्ये दक्षिण साताऱ्यात गेले, १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले, तरी १९१२ चा तो कायदा १९९३ पर्यंत जारी राहिला. २०१७ च्या कायद्याने अखेर साखळदंड निषिद्ध ठरविला, आणि संमतीविना भरती करावयाची तर मानसोपचारतज्ज्ञासह दोघांकडून स्वतंत्र तपासणी आवश्यक केली, प्रथम ३० दिवसांची मर्यादा घातली आणि पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क रुग्णास दिला.